नव्या गाडीचा विमा : 'ऑन-रोड' किमतीतील ती एक ओळ

चवथ जवळ आली की म्हापसा, पणजी, मडगाव आणि फोंडा येथील मोटारींच्या शोरूममध्ये वर्दळ वाढते आणि ती दसरा-दिवाळीपर्यंत टिकते. गाडीचे मॉडेल, रंग, कर्जाचा हप्ता, जुन्या गाडीला मिळणारी किंमत यांवर घरात आठवडेच्या आठवडे खल झालेला असतो. विम्याचा विषय मात्र बहुधा शोरूमच्या टेबलावर पाच मिनिटांत आटोपतो. 'ऑन-रोड' किमतीच्या कागदावर एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क, फास्टॅग यांच्या रांगेत 'इन्शुरन्स' अशी एकच ओळ असते आणि तिच्यापुढे काही हजारांचा आकडा असतो. मुहूर्त ठरलेला असतो, गाडी थेट देवळात नेऊन पूजा करावयाची असते, आणि ग्राहक त्या आकड्याकडे कराइतक्याच निमूटपणे पाहून सही करतो.

वास्तविक त्या एका ओळीत तीन-चार निरनिराळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. त्यांतील एक कायद्याने सक्तीची असून तिचा दर सरकार ठरवते. दुसरी ऐच्छिक असून तिचा दर विमा कंपनी ठरवते. उरलेल्या काही गरजेच्या, तर काही केवळ विक्रेत्याच्या सोयीच्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्याखेरीज आपण काय विकत घेतले आणि काय नाही, हे कळत नाही. ते कळण्याची वेळ मग अपघातानंतर किंवा पुरानंतर येते.

सक्तीचे काय, ऐच्छिक काय

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तृतीय पक्ष म्हणजे मालक आणि विमा कंपनी या दोघांव्यतिरिक्त तिसरा कोणी : गाडीची धडक बसलेला पादचारी, दुचाकीस्वार, समोरच्या वाहनातील माणसे. त्यांच्या मृत्यूची वा दुखापतीची जी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते, ती या विम्यातून दिली जाते आणि तिला पॉलिसीत कमाल मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीच्या बाबतीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. विमा नसलेले वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड त्या मानाने क्षुल्लकच. खरा धोका असा की, विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली लाखोंची रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, आणि ती वसूल करण्यासाठी त्याच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी चारचाकी घेताना हा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ रोजी लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे नव्या खासगी मोटारीचा तीन वर्षांचा एकरकमी हप्ता १००० सीसीपर्यंतच्या इंजिनासाठी ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी १०,६४० रुपये आणि त्यापुढे २४,५९६ रुपये होता. विजेवरील मोटारींना १५ टक्के सवलत होती. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. दर पुढे बदलले तरी तत्त्व बदलत नाही. हा आकडा शोरूममध्ये घ्या, एजंटाकडे घ्या किंवा घरी बसून संकेतस्थळावर घ्या, तो सारखाच असतो. 'आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त पडते' असे कोणी सांगू लागल्यास त्याच्या पुढील बोलण्यावर किती विश्वास ठेवावा, हे ग्राहकाने तिथेच ठरवावे.

घासाघीस करण्याजोगा भाग दुसरा आहे. स्वतःच्या गाडीचे अपघात, चोरी, आग, पूर, दरड, झाड कोसळणे यांमुळे होणारे नुकसान भरून देणाऱ्या या विम्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. तो कायद्याने सक्तीचा नाही; गाडीवर कर्ज असल्यास बँक तो मागते. याचे दर २००७ पासून खुले आहेत. म्हणजे एकाच गाडीसाठी दोन कंपन्या दोन वेगळे हप्ते सांगू शकतात आणि एकच कंपनी दोन ठिकाणी वेगवेगळी सूट देऊ शकते. शोरूमने सांगितलेला आकडा हा अनेकांपैकी एक आकडा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. शोरूमला विमा विकण्याची परवानगी आहे, तो आपल्याकडूनच घेण्याची सक्ती करण्याची नाही. विमा नियामक प्राधिकरणाने वाहन विक्रेत्यांसाठी २०१७ मध्ये लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाला कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य आहे.

'बाहेरून विमा घेतला तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही' हे वाक्य मात्र ग्राहकाला हमखास ऐकावे लागते. ते पूर्ण खोटे नसते आणि पूर्ण खरेही नसते. विमा कंपनीने परस्पर बिल चुकवण्याची सोय त्या कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, यावर अवलंबून असते. पॉलिसी कोणाच्या टेबलावर काढली यावर नव्हे. म्हणून बाहेरची कंपनी निवडताना आपल्या घराजवळील अधिकृत वर्कशॉप तिच्या यादीत आहे का, तेवढे पाहावे. काणकोण किंवा पेडण्यात राहणाऱ्याला पणजीतील वर्कशॉपची यादी दाखवून उपयोग नाही.

तीन वर्षांचा गैरसमज

सर्वांत महाग पडणारा गोंधळ दुसऱ्या वर्षी होतो. नव्या गाडीच्या पॉलिसीवर दोन कालावधी छापलेले असतात : तृतीय पक्षासाठी तीन वर्षे आणि स्वतःच्या गाडीसाठी एक वर्ष. सुरुवातीला दोन्ही भाग तीन वर्षांसाठी एकत्र देणाऱ्या पॉलिसीही होत्या, पण १ ऑगस्ट २०२० पासून त्या बंद झाल्या. 'विमा तीन वर्षांचा काढला आहे' अशी समजूत मात्र अनेक घरांत टिकून आहे. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचा संदेश येतो आणि तो जाहिरात समजून पुसला जातो. वाहतूक पोलिसाने तपासले तरी तृतीय पक्ष विमा चालू दिसतो, त्यामुळे कोणी हटकत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात अंगणातील आंबा गाडीवर कोसळतो, आणि गाडीला विम्याचे संरक्षणच उरले नव्हते असे आढळते.

दुसऱ्या वर्षापासून ओन डॅमेजचा भाग स्वतंत्रपणे, हवा तर दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून तशी मुभा आहे. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनस जातो आणि खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, ते वेगळेच.

कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल, ते 'आयडीव्ही' या आकड्यावर ठरते. गाडीची जाहीर विक्री किंमत उणे घसारा, असे त्याचे गणित आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३० टक्के घसारा धरतात. दहा लाखांच्या नव्या गाडीची आयडीव्ही त्यामुळे साडेनऊ लाख येते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी पूर्ण नष्ट झाली असे मानून ही रक्कम मिळते. नूतनीकरणाच्या वेळी हा आकडा मुद्दाम खाली ओढून हप्ता स्वस्त असल्याचे दाखवता येते. कर्ज बाकी असेल तर भरपाईचा पहिला हक्क बँकेचा असतो. आयडीव्ही कर्जाच्या बाकीपेक्षा खाली गेली तर गाडी गेल्यावरही मालकाला हप्ते फेडत राहावे लागतील.

जुनी गाडी देताना

शोरूममध्ये जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथेच. वर्षभर दावा न केल्यास पुढील वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग वर्षांनी ती २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के होते. हा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर तिच्या विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो लागू करता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता समजा वीस हजार रुपये असेल, तर पन्नास टक्के बोनसमुळे दहा हजार रुपये वाचतात. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही, कारण प्रमाणपत्र येईपर्यंत व्यवहार दोन-चार दिवस लांबतो.

यात एक अडचण आहे. बोनस त्याच व्यक्तीच्या नावावरील नव्या गाडीलाच मिळतो. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या नावावर असल्यास तो मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या बाबतीत मात्र अपवाद आहे. बोनस नसताना तो असल्याचे प्रस्तावात लिहिले, तर कंपन्या एकमेकींकडून पडताळणी करतात, आणि खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून पुढे दावा अडतो. हे 'समायोजन' एजंटाने परस्पर केले असले तरी प्रस्तावावरील सही ग्राहकाचीच असते.

दिलेल्या जुन्या गाडीची नोंदणी नव्या मालकाच्या नावे होईपर्यंत कागदपत्रांचा पाठपुरावाही सोडू नये. वाहतूक खात्याच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकल्यावर तिने केलेल्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येऊ शकते, ती यामुळेच.

उलट बाजूने, कोणी वापरलेली गाडी 'नवी' म्हणून घरी आणत असेल, तर कलम १५७ नुसार तृतीय पक्ष विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो. पण पॉलिसीवर आपले नाव लावण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. ओन डॅमेजचा भाग असा आपोआप येत नाही. तो कंपनीने मान्य करून नाव बदलल्यावरच लागू होतो.

पावसाळा, नारळ आणि जोडसंरक्षणे

विक्रेता 'झिरो डेप', 'इंजिन प्रोटेक्ट', 'रिटर्न टू इन्व्हॉइस', 'कन्झ्युमेबल्स', किल्ली हरवल्यास संरक्षण, रस्त्यावर मदत अशी जोडसंरक्षणांची माळ वाचून दाखवतो. सर्व घेतली तर हप्ता फुगतो, सर्व नाकारली तर भलत्याच ठिकाणी भुर्दंड बसतो. गोव्यातील हवा आणि रस्ते पाहता यांतील दोन गोष्टींचा विचार जास्त गांभीर्याने करावा लागेल.

पहिली झिरो डेप. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा कापतात. आजच्या गाड्यांचे बंपर, आरशांची आवरणे, आतील बरेचसे भाग प्लास्टिकचेच असतात. दहा हजारांचा बंपर बदलला तर पाच हजार मालकाचे, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपयांची सक्तीची वजावट. झिरो डेपमुळे घसारा कापला जात नाही. वजावट मात्र राहते. गावातील अरुंद वाटा आणि पहिल्या वर्षातला नवखा हात लक्षात घेतला, तर हे संरक्षण निदान पहिली काही वर्षे घेणे शहाणपणाचे. वर्षाला किती दावे मान्य होतील याची मर्यादा पॉलिसीत असू शकते, ती वाचावी.

दुसरे इंजिनाचे संरक्षण. पणजीचा मळा असो किंवा १८ जून रस्ता, पावसाने जोर धरला की पाणी तुंबते. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, बार्देश, पेडणे या तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. पुरामुळे होणारे नुकसान साध्या ओन डॅमेज विम्यात येते, हे खरे. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चालकाने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की पाणी इंजिनात खेचले जाते आणि आतील भाग मोडतात. हे नुकसान पुराने नव्हे, चालकाच्या कृतीने झाले, अशी भूमिका कंपन्या घेतात आणि इंजिनाचा खर्च नाकारतात. इंजिन प्रोटेक्ट याच प्रसंगासाठी असते. ते असो वा नसो, पाण्यात अडकलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच वर्कशॉपला न्यावी.

पूर्ण नुकसान झाल्यास रस्ता करासह बिलाची रक्कम देणारे 'रिटर्न टू इन्व्हॉइस' मोठ्या कर्जावर घेतलेल्या गाडीला उपयोगी. बाकीची संरक्षणे ज्याच्या त्याच्या सोयीची.

आणि नारळ? माडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर नारळ पडून काच फुटली तर तो अपघातच होय, आणि काचेवर घसारा नसतो. पण टपाला नुसता पोचा पडला आणि दुरुस्ती चार हजारांची असली, तर दावा करून बोनस गमावण्यापेक्षा खिशातून पैसे देणे पुष्कळदा स्वस्त पडते. गाडी माडाखालून हलवणे त्याहून स्वस्त.

अनिवार्य वैयक्तिक अपघात विम्याबद्दलही एक गोष्ट सांगावयास हवी. अपघातात मालक-चालकाचा मृत्यू झाल्यास किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पंधरा लाख रुपये देणारे हे संरक्षण आहे. तेवढ्याच रकमेचा अपघात विमा आधीपासून असेल किंवा घरातील दुसऱ्या गाडीवर त्याच मालकाने तो घेतला असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. गोव्यात मुलगा बोटीवर किंवा आखातात असतो आणि गाडी आईच्या नावावर घेतली जाते. आईकडे वाहन चालवण्याचा परवानाच नसेल, तर हे संरक्षण तिला लागू होत नाही आणि त्याचा हप्ताही आकारला जाऊ नये. त्याऐवजी गाडीतील प्रवाशांसाठी असलेले ऐच्छिक अपघात संरक्षण घेणे अधिक उचित.

पांढऱ्या पाटीची गाडी पर्यटकाला

पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत काही ओळी असतात. खासगी गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरता येणार नाही, असे त्यांत लिहिलेले असते. या राज्यात या ओळींना विशेष अर्थ आहे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यावयाच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, तिचा परवाना वेगळा आणि विमाही वेगळा. तरीही हंगामात चार पैसे सुटावेत म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकांच्या हाती देण्याचे प्रकार किनारी भागात चालतात. त्या गाडीचा अपघात झाला आणि पैसे घेऊन ती दिली होती हे उघड झाले, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते. एखाद्याचा जीव गेला असेल तर प्रकरण त्याहून गंभीर होते. कंपनी जबाबदारी झटकू शकते, किंवा पीडिताला आधी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय तिला देऊ शकते. दिवसाच्या भाड्यापोटी घर गहाण टाकण्यासारखेच हे. मुंबईहून आलेल्या भाच्याला मोबदल्याविना गाडी दिली तर हरकत नाही. त्याच्याकडे वैध परवाना असावा आणि त्याने मद्यपान केलेले नसावे, एवढेच.

गाडी ताब्यात घेताना

हप्ता भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असा विमा कायद्याचा नियम आहे. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर काढण्यापूर्वी ती वेळ उलटून गेलेली असावी. मग नाव, इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, इंधन, सीसी, बँकेचे नाव, आयडीव्ही, बोनसची टक्केवारी आणि पैसे देऊन घेतलेली प्रत्येक जोडसंरक्षणाची नोंद पाहावी. एक आकडा चुकला तरी दाव्याच्या वेळी महिनाभर खेटे पडतात. पहिल्या दिवशी तीच चूक एका ई-मेलने दुरुस्त होते. सीएनजी किट किंवा महागडी संगीतयंत्रणा बाहेरून बसवली असेल तर ती कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावी. पॉलिसीची सत्यता कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून तपासता येते, आणि प्रत डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये ठेवली तर रस्त्यावर तीच दाखवता येते. पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतील ग्राहक माहितीपत्रकही मिळाले पाहिजे, असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. ते मागून घ्यावे.

अपघात झाल्यास गाडी हलवण्यापूर्वी फोटो, त्याच दिवशी कंपनीला सूचना, सर्वेक्षकाने पाहीपर्यंत दुरुस्तीला हात नाही, हा क्रम. कोणी जखमी झाले असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलीस तक्रार अत्यावश्यक. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली कोणत्या खणात आहे ते आजच पाहून ठेवावे. दावा नाकारला गेल्यास कंपनीकडून कारण लेखी घ्यावे आणि प्रथम तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर नियामकाचे 'बीमा भरोसा' संकेतस्थळ, विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग हे मार्ग उरतात. लोकपालाकडे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.